नर्सिंग शिकायला परदेशात जायचंय? देश नंतर ठरवा, आधी रजिस्ट्रेशन बघा

बारावीचा निकाल लागला की कागल, गडहिंग्लज, शिरोळ, पन्हाळा, कुठनं कुठनं फोन येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, नर्सिंगला जर्मनी बरं का ऑस्ट्रेलिया?" हल्ली पोरंपण विचारतात, ते मला फार आवडतं, वॉर्डात ब्रदर लोकांची गरज आहेच. मी नर्सिंग शिकवते, बाहेर गेलेल्या मुली अजून फोन करतात, त्यांच्याकडनं कळलेलं आणि त्या त्या देशाचे नियम वाचून समजलेलं असं सगळं एकदा नीट लिहून काढतेय. लांब झालंय, पण आईवडिलांना सोबत घेऊन वाचा, पैसा घरचाच जाणार आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट. नर्सला काम करायला डिग्री पुरत नाही, त्या देशाच्या कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये नाव लागतं. आपल्याकडं महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, ब्रिटनमध्ये एनएमसी, ऑस्ट्रेलियात नर्सिंग बोर्ड आणि त्याचं कामकाज बघणारी आप्रा, अमेरिकेत प्रत्येक राज्याचं वेगळं बोर्ड. कोर्स कितीही भारी असू दे, तो त्या कौन्सिलनं मान्य केलेला नसेल तर शेवटी हातात सर्टिफिकेट असतं आणि काम मात्र नर्सचं मिळत नाही. म्हणून कॉलेज असो नाहीतर एजंट, पहिला प्रश्न हाच टाका: हा कोर्स संपल्यावर मी इथं रजिस्टर्ड नर्स होणार का, आणि त्याआधी अजून कुठली परीक्षा आहे? उत्तर तोंडी घेऊ नका. कौन्सिलच्या वेबसाईटवर मान्य कोर्सची यादी असते, त्यात कॉलेजचं नाव, कोर्सचं नाव आणि कॅम्पससुद्धा जुळतोय का ते स्वतः बघा.

याचं एक ठळक उदाहरण कॅनडाचं. तिथल्या काही कॉलेजांत परदेशी नर्सेससाठी पोस्ट ग्रॅज्युएट सर्टिफिकेट असतात, नावात नर्सिंग असतं, जेरियाट्रिक केअर म्हणजे वृद्धांची सेवा असतं, फी भरपूर असते, पण असा कोर्स केला म्हणून तिथलं लायसन्स मिळत नाही, त्यासाठी कागदपत्रांची तपासणी आणि एनसीएलईएक्स ही नर्सेसची लायसन्स परीक्षा वेगळी असतेच. सगळेच कोर्स फसवे आहेत असं नाही म्हणत मी, पण लायसन्सकडं नेणारा कोर्स कुठला आणि नुसता माहिती देणारा कुठला हे फी भरायच्या आधी कळलं पाहिजे.

मग वाट कुठली? मुळात दोनच आहेत

एक, इथंच बीएस्सी नर्सिंग किंवा जीएनएम हा डिप्लोमा करायचा, अनुभव घ्यायचा आणि तयार नर्स म्हणून जायचं. दोन, बारावीनंतर तिकडंच जाऊन पहिल्यापासनं शिकायचं. लोक देशावरनं भांडत बसतात, पण आधी ही वाट ठरली की निम्मे देश आपोआप गळतात.

वाट ठरवायला तीन गोष्टी प्रामाणिकपणे कागदावर लिहा. घरातनं कर्ज न काढता किती पैसे निघतील. बारावीला सायन्स होतं का, बायोलॉजी होतं का आणि किती टक्के पडले. आणि एक नवी भाषा वर्षभर रोज तीन-चार तास बसून शिकायची तयारी आहे का. या तिन्हीची उत्तरं समोर असली की पुढचं वाचताना आपली वाट कुठली ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

चौथी गोष्ट कागदावर लिहिता येत नाही, ती बघावी लागते. आपल्याकडं पेशंटला स्पंज करणं, बेडपॅन देणं, कपडे बदलणं, भरवणं हे बहुतेक ठिकाणी नातेवाईक नाहीतर मावशी करतात, सिस्टर औषधं, सलाईन, चार्ट बघतात. जर्मनीत, ब्रिटनमध्ये, ऑस्ट्रेलियात तसं नाही हो. तिथं नातेवाईक भेटायच्या वेळेला येतात आणि जातात, पेशंटची आंघोळ, शी-शू, कुशीवर वळवणं हे सगळं नर्सिंगचंच काम, शिकणाऱ्या मुलीला तर पहिल्या आठवड्यापासनं. काही मुलींना तिकडं गेल्यावर हे पहिल्यांदा कळतं आणि मग रडारड होते, "मी एवढं शिकून हे करायला आले का" म्हणून. मला वाटतं यात कमीपणा काहीच नाही, अंग पुसतानाच बेडसोअर दिसतो, पायाची सूज दिसते, पेशंट मनातलं बोलतो. पण हे तुम्हाला आधी माहीत पाहिजे. ओळखीतली कुणी स्टाफ नर्स असेल, कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी हॉस्पिटलला असो नाहीतर गावातल्या दवाखान्यात, तिच्याशी अर्धा तास बसून बोला, तिचा एका ड्युटीचा दिवस कसा जातो ते विचारा. रात्रपाळीचंसुद्धा विचारा.

इथं शिकून जायची वाट

ज्यांच्याकडं पैसा बेताचा आहे आणि बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आहे त्यांना मी सरळ सांगते, आधी बीएस्सी नर्सिंग इथं करा. चार वर्षं लागतात, सीईटी द्यावी लागते, ओपनला पीसीबीत ४५ टक्के आणि आरक्षित गटाला ४० टक्के लागतात, सोबत इंग्रजी पास. कॉलेजला इंडियन नर्सिंग कौन्सिलची आणि महाराष्ट्र कौन्सिलची मान्यता आहे का आणि डिग्री नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची किंवा मान्य अभिमत विद्यापीठाची आहे का हे बघायचं. अजून एक बघा, कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल आहे का, त्यात किती बेड खरोखर भरलेले असतात. क्लिनिकलचे तास नुसते रजिस्टरवर भरलेले असतील तर उद्या तिकडच्या प्रॅक्टिकल परीक्षेत हात थरथरतो.

आर्ट्स-कॉमर्सवाल्यांना जीएनएम आहे, तीन वर्षांचा डिप्लोमा. ब्रिटन, जर्मनी इथं जीएनएमवाल्यांचे अर्ज घेतात. ऑस्ट्रेलियाला मात्र रजिस्टर्ड नर्ससाठी बॅचलर लेव्हलचं शिक्षण बघतात, त्यामुळं जीएनएम झालेल्यांनी पोस्ट बेसिक बीएस्सीची दोन वर्षं काढावीत असं माझं मत.

नंतर काय? ब्रिटनसाठी इंग्रजीची आयईएलटीएस, त्यात ऐकणं, वाचणं, बोलणं प्रत्येकी ७ आणि लेखन ६.५, किंवा ओईटीत बी ग्रेड आणि लेखनाला सी प्लस. ओईटी हॉस्पिटलच्या भाषेतच असते, रेफरल लेटर लिहायला लावतात, त्यामुळं वॉर्डात काम केलेल्या मुलींना ती जवळची वाटते. मग सीबीटी म्हणजे कॉम्प्युटरवरची परीक्षा भारतातच होते, आणि ओएससीई ही हातानं करून दाखवायची परीक्षा ब्रिटनमध्ये जाऊन. ऑस्ट्रेलियासाठी भारतातल्या नर्सला साधारण एनसीएलईएक्स आणि मग तिकडं जाऊन त्यांची ओएससीई. न्यूझीलंडनंपण डिसेंबर २०२३ पासनं जुना कोर्स काढून लेखी परीक्षा आणि ओएससीई अशी पद्धत आणलीय. जर्मनीत आपली डिग्री तपासून काय कमी आहे त्याचं पत्र देतात, मग एकतर काही महिन्यांचं ट्रेनिंग नाहीतर एक परीक्षा, आणि जर्मन भाषा बी टू लेव्हलची (ए वन ही पहिली पायरी, मग ए टू, बी वन, बी टू).

अमेरिकेबद्दल थोडक्यात. एनसीएलईएक्स पास होणं एक वेळ जमेल, पण भारतात जन्मलेल्यांसाठी नर्सेसच्या ग्रीन कार्डची रांग दहा वर्षांच्या पुढची आहे. त्या रांगेच्या भरवशावर आत्ता घर गहाण टाकू नका. आखातात जायचं तर दोन वर्षांचा चांगला अनुभव आणि प्रोमेट्रिकसारखी परीक्षा, तो वेगळाच विषय आहे, शिक्षणाचा नाही.

या वाटेचा मोठा फायदा असा की तिकडं जाता नाही आलं, मन बदललं, घरी अडचण आली तरी हातात महाराष्ट्र कौन्सिलचं रजिस्ट्रेशन असतं आणि इथं काम चालू राहतं.

तिकडं जाऊन पहिल्यापासनं शिकायची वाट

यात दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. फी भरून डिग्री करणं, आणि पगार घेत शिकणं.

फीवाला प्रकार म्हणजे ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया. दोन्हीकडं बॅचलर तीन वर्षांचं, शिक्षण उत्तम, पण परदेशी विद्यार्थ्यांची तीन वर्षांची नुसती फीच पन्नास-साठ लाखांच्या घरात जाऊ शकते, वर राहणं-खाणं. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा घेताना एका वर्षाच्या राहण्याखाण्यासाठी २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर दाखवावे लागतात, हा आकडा मे २०२४ पासनंचा आहे, अर्ज करताना पुन्हा तपासून घ्या. एजंट म्हणतो पार्ट टाइम करून सगळं निघतं. हे नीट ऐका. ऑस्ट्रेलियात क्लास चालू असताना पंधरवड्याला ४८ तास काम करता येतं, ब्रिटनमध्ये आठवड्याला २० तास, हे बरोबर आहे, पण नर्सिंगचा विद्यार्थी इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यासारखा मोकळा नसतो. ब्रिटनमध्ये कोर्सचा निम्मा भाग म्हणजे २,३०० तास प्रॅक्टिस असते, ऑस्ट्रेलियात रजिस्टर्ड नर्सला किमान ८०० तास प्लेसमेंट, म्हणजे हॉस्पिटलात प्रत्यक्ष कामाचं शिक्षण, आणि या काळात परदेशी विद्यार्थ्याला पगार नाही. पूर्ण शिफ्ट करायची, त्यात रात्रपाळी, कधी दुसऱ्या गावाला खोली घेऊन राहायचं, आणि त्या आठवड्यांत पार्ट टाइमची कमाई जवळजवळ बंद. त्यामुळं बजेट मांडताना प्लेसमेंटच्या महिन्यांत कमाई शून्य धरूनच मांडा.

ब्रिटनमध्ये अजून एक निवड पहिल्याच दिवशी करावी लागते, ॲडल्ट, चाइल्ड, मेंटल हेल्थ का लर्निंग डिसॅबिलिटी. आपल्याकडं बीएस्सीत सगळंच थोडं थोडं असतं, तिकडं तसं नाही. पुढं कधी अमेरिका, कॅनडाला जायचा विचार असेल तर ॲडल्ट घ्या, कारण नुसतं मेंटल हेल्थ शिकलेल्या नर्सला जनरल नर्स म्हणून रजिस्टर होताना तास कमी पडतात. आणि ऑस्ट्रेलियात शिकलं म्हणजे इंग्रजीची परीक्षा सुटली असं समजू नका, बारावीपर्यंतचं शिक्षण भारतातलं असल्यानं रजिस्ट्रेशनच्या वेळी पुन्हा द्यावी लागू शकते.

"आधी केअर वर्कर म्हणून ब्रिटनला चल, मग तिथं नर्सिंग कर" असं आजही कुणी सांगत असेल तर तिथनं उठा. केअर वर्करची परदेशातनं होणारी नवी भरती ब्रिटननं २२ जुलै २०२५ पासनं बंद केली आहे.

आता पगारवाला प्रकार, जर्मनीचं आउसबिल्डुंग, म्हणजे काम करत शिकायचं ट्रेनिंग. आपल्याकडच्या शेतकरी आणि नोकरदार घरांना हाच सगळ्यात परवडणारा आहे असं मला मनापासनं वाटतं, म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

२०२० पासनं जर्मनीत नर्सिंगचं शिक्षण एकत्र केलंय, मोठी माणसं, लहान मुलं, वृद्ध असे वेगळे कोर्स होते ते जाऊन एकच तीन वर्षांचा कोर्स झाला. किमान २,१०० तास शाळेत आणि २,५०० तास प्रत्यक्ष कामावर, हॉस्पिटल, वृद्धाश्रम, घरी जाऊन सेवा, मुलांचा विभाग, मानसोपचार असं सगळीकडं फिरवतात. शाळेची फी कायद्यानंच नाही. उलट ज्या हॉस्पिटलशी करार होतो ते दर महिन्याला भत्ता देतं, सरकारी वेतनकराराच्या ठिकाणी पहिल्या वर्षी साधारण १,४०० युरोच्या पुढं, कर आणि विमा कापायच्या आधी. छोट्या खासगी संस्थेत कमी असू शकतो, म्हणून करारातला आकडा बघा आणि त्या गावचं खोलीभाडं किती ते बघा. शेवटी सरकारी परीक्षा, लेखी, तोंडी आणि प्रत्यक्ष पेशंटवर. पास झालात की नर्स म्हणून नोकरी आणि त्या नोकरीची ठरलेली दोन वर्षं झाली, बाकी अटी बसल्या, की कायम राहायच्या परवान्याचा अर्ज करता येतो.

अवघड काय? भाषा. व्हिसाला बी वन आणि बऱ्याच शाळांना बी टू लागतं, आणि ते नुसतं सर्टिफिकेटापुरतं घेतलं तर तिथं शरीरशास्त्राचा तास जर्मनमध्ये चालू झाला की काही कळत नाही, वर वॉर्डातली आजी स्थानिक बोलीत बोलते ते वेगळंच. पहिले सहा महिने प्रोबेशन असतं, त्यात करार मोडला जाऊ शकतो, आणि करार गेला की व्हिसाचा प्रश्न उभा राहतो. त्यामुळं भाषेत घाई करू नका. शून्यापासनं बी टूपर्यंत रोज अभ्यास केला तरी वर्षभर धरा. शिवाजी विद्यापीठात परकीय भाषा विभाग आहे, गावात खासगी क्लास आहेत, सुरुवात कुठंही करा, पण शेवटची परीक्षा ग्योथे, टेल्क, ओएसडी अशा मान्य संस्थेचीच पाहिजे. ग्योथेचं केंद्र पुण्यात मॅक्समुलर भवनला आहे, जागा लवकर भरतात, तारखेवर लक्ष ठेवा.

वेळेचं गणित असं बसतं. फेब्रुवारी-मार्चमधली बारावीची परीक्षा संपली की लगेच ए वन चालू करा, निकालाची वाट बघत बसू नका. पुढच्या वसंतात बी टू, मग अर्ज, ऑनलाइन मुलाखत, करार, व्हिसा, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या बॅचला जाणं. मधल्या वर्षात सीईटीपण देऊन ठेवा. भाषा जमत नाही असं वाटलं तर इथं बीएस्सीचा दरवाजा उघडा राहतो.

एक मर्यादापण सांगते. हे आउसबिल्डुंग डिग्री नाही. युरोपियन युनियनमध्ये ते चालतं, पण पुढं भारतात परत येऊन नर्स म्हणून काम करायचं तर इंडियन नर्सिंग कौन्सिलची समकक्षता घ्यावी लागते, आणि एमएस्सी किंवा शिकवायच्या लाईनीत जायचं असेल तर डिग्री कमी पडते. ज्यांना प्रोफेसर व्हायचंय त्यांनी बीएस्सीचीच वाट धरावी.

पैशाची जुळणी

इथं आपल्या भागात सगळे एकाच ठिकाणी अडकतात. साडेसात लाखांपर्यंत बँका साधारण तारण न घेता शैक्षणिक कर्ज देतात, त्याच्या वर तारण लागतं, आणि घरात चार एकर ऊस असला तरी शेतजमीन तारण म्हणून बँका सहसा घेत नाहीत. घर, एनए प्लॉट, एफडी चालते. त्यामुळं सातबारा घेऊन बँकेत जायच्या आधी घराची कागदपत्रं, सिटी सर्व्हेचा उतारा, नाव कुणाकुणाचं आहे ते बघा, चुलत्यांची नावं असतील तर सह्यांना महिने जातात. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरनं करता येतो. सरकारी परदेश शिष्यवृत्त्या, समाजकल्याणची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती असो नाहीतर सारथीची, या एमएस्सी आणि पीएचडीसाठी आहेत, बारावीनंतरच्या कोर्सला नाहीत. बीएस्सी करून मग परदेशात मास्टर्स करणाऱ्यांनी त्या नक्की बघाव्यात.

कागदपत्रं, आणि त्यातलं नाव

पासपोर्ट आजच काढायला टाका, कोल्हापुरात पोस्टाचं पासपोर्ट केंद्र आहे. पण त्याआधी नाव जुळवा. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. आधारवर वेगळा क्रम, पासपोर्टवर तिसराच, आणि लग्न झालेल्या मुलींचं तर माहेरचं-सासरचं मिळून चार प्रकारची स्पेलिंगं असतात. तिकडच्या कौन्सिलला हे एकच माणूस आहे हे आपण सिद्ध करून द्यावं लागतं. दहावीचं स्पेलिंग हेच मूळ धरा आणि बाकी सगळं त्याला जुळवा, गरज पडली तर राजपत्रात नावबदल करून घ्या, नुसतं ॲफिडेव्हिट प्रत्येक ठिकाणी चालत नाही.

शिकून झालेल्यांनी ट्रान्सक्रिप्ट घ्या, त्यात विषयवार थिअरीचे आणि क्लिनिकलचे तास पाहिजेत. प्रिन्सिपल बदलायच्या आधी, ओळखीचे क्लार्क निवृत्त व्हायच्या आधी घेऊन ठेवा, खरंच सांगते. महाराष्ट्र कौन्सिलचं गुड स्टँडिंग, म्हणजे रजिस्ट्रेशन चालू आहे आणि तक्रार नाही असं पत्र, लागतं आणि काही देशांना ते थेट कौन्सिलकडनंच गेलेलं पाहिजे असतं. आपली लॉगबुकं, केस रेकॉर्ड रद्दीत घालू नका.

एजंटकडं जाणार असाल तर

सगळे वाईट नसतात, पण तपासून घ्या. नोकरीसाठी परदेशी पाठवणाऱ्याकडं परराष्ट्र खात्याचं लायसन्स लागतं, ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचा नंबर टाकून बघता येतं, आणि अशा एजंटला उमेदवाराकडनं जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि जीएसटी एवढंच घेता येतं. शिक्षणाचे कन्सल्टंट या लायसन्समध्ये येत नाहीत, तिथं तुम्हीच जागरूक. ब्रिटनमध्ये नर्स भरतीसाठी उमेदवाराकडनं फी घेणं तिथल्या आचारसंहितेत बसत नाही. जर्मनीत तयार नर्सेसच्या भरतीसाठी सरकारनं 'फेअर रिक्रूटमेंट'चा एक शिक्का केलाय, ज्या एजन्सीकडं तो असतो ती खर्च हॉस्पिटलकडनं घेते, यादी उघड आहे.

ओरिजिनल मार्कशीट कुणाकडंही ठेवायच्या नाहीत, दाखवायच्या आणि परत घ्यायच्या. करार जर्मनमध्ये असेल तर भाषांतर मागा आणि ते एजंटकडनं करून न घेता आपल्या भाषेच्या सरांकडनं वाचून घ्या. त्यात भत्ता किती, आठवड्याचे तास किती, खोली कोण देणार, भाषेच्या खर्चाचा बाँड आहे का आणि मध्येच सोडलं तर किती परत करायचे, या पाच ओळींवर पेन्सिलीनं खूण करा. एखादी ओळ सापडली नाही तर सही करू नका, हॉस्पिटलच्या ऑफिसला स्वतः मेल टाका, जर्मन हॉस्पिटलं मेलला उत्तर देतात, चार-पाच दिवस थांबायला लागतं एवढंच.